मोड्याच्या दिवशी पुस्तकांची गाडी

यज्ञेश्वर कुंभोजकरांच्या घरी आज आमटी होणार की पिठलं, हे त्यांच्या बायकोला विचारून उपयोग नव्हता. ते भिंतीवर लिहिलेलं होतं. कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या त्या दोन खोल्यांत, चुलीच्या वरच्या अंगाला एक मोठा तक्ता चिकटवलेला. आडवे वार, उभे तास. सोमवारी पिठलं, मंगळवारी आमटी, बुधवारी केस धुणे, शनिवारी जिन्याचा कठडा पुसणे. पाहुण्यांनी कुठल्या वारी यावं याचीसुद्धा एक चौकट होती. पाहुणे कसले ऐकतात, ते भलत्याच वारी येऊन चहा पिऊन जायचे.

माणूस वाईट नव्हता हो. सवय वाईट होती. उभी हयात शाळेत गणित शिकवण्यात गेली आणि शाळेचं वेळापत्रक बसवण्यात. वेळापत्रक बसवणं म्हणजे खायचं काम नव्हे. चित्रकलेचे मास्तर दोन शाळांत विभागलेले, ड्रिलमास्तरांना जेवणानंतर झोप अनावर, संस्कृतचे आणि इतिहासाचे मास्तर एकमेकांचं तोंड बघत नाहीत. पण यज्ञेश्वरमास्तर सगळ्यांना एका कागदावर असे बसवायचे की कुणाचा पाय कुणाच्या पायात येत नसे. मग ते निवृत्त झाले. दुसऱ्याच दिवशी नव्या मास्तरांनी तो कागद भिंतीवरून काढला आणि तिथं साबणाचं कॅलेंडर लावलं. हे कानावर आलं तेव्हा यज्ञेश्वरमास्तर दोन दिवस धड जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी उठले आणि घराचं वेळापत्रक करायला बसले.

सरोजिनीबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. त्या चंदगडच्या. पावसाचा, भाताचा आणि काजूचा मुलूख तो. लग्न झाल्यावर भावाच्या मुंजीला एकदा जाऊन आल्या, तेवढंच माहेर. दर उन्हाळ्यात जायचं ठरायचं आणि दर उन्हाळ्यात पुढच्या वर्षाचं वेळापत्रक आडवं यायचं. आता शाळा सुटली, म्हणून त्यांनी एकदा तक्त्याकडं बोट दाखवून विचारलं, "यात चंदगड कुठं आहे हो?"

मास्तरांनी तक्ता वरून खाली, खालून वर बघितला. "बसत नाही गं कुठं," ते म्हणाले, आणि त्यांना खरंच वाईट वाटलं.

त्या दिवसापासून सरोजिनीबाई अंबाबाईला एकच मागायच्या, यांना घराबाहेरचा काहीतरी उद्योग दे. अंबाबाईनं ऐकलं आणि विरूपाक्षप्पांना पाठवलं.

विरूपाक्षप्पा म्हणजे शाहूपुरीतले गुळाचे मोठे अडते. वडिलांच्या नावानं काहीतरी पुण्यकर्म करायचं त्यांच्या मनात होतं. पावसाळ्यात गूळ नसतो. गाडी, बैल आणि गाडीवान रुद्रय्या, तिघंही बसून खातात. त्यापेक्षा खेड्यापाड्यांतनं पुस्तकं वाहू देत, असा त्यांनी व्यापारी विचार केला. गाडीवर फळ्यांची कपाटं ठोकली, वर पत्र्याचं छप्पर चढवलं, आणि गावांचा मार्ग नि वेळा आखायला यज्ञेश्वरमास्तरांना बोलावलं.

"दसऱ्यापर्यंत चालवा मास्तर," आप्पा म्हणाले. "लोक पुस्तकं घेतात असं दिसलं तर गाडी कायमची तुमची. नाही दिसलं तर दसऱ्याला परत. गुऱ्हाळं सुरू झाली की गूळ माझी वाट बघत नाही."

मास्तर घरी आले ते दहा वर्षांनी लहान होऊन. साबणाच्या कॅलेंडरचं उट्टं काढायची ही शेवटची संधी होती. ही गाडी गेली तर पुढं उरलेलं आयुष्य जिन्याच्या कठड्याबरोबर काढायचं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. सरोजिनीबाईंनाही ठाऊक होतं. त्यांनी गाडीला हळदकुंकू वाहिलं ते अगदी मनापासून.

पहिलं वेळापत्रक देखणं होतं. आठवड्यात सहा गावं, वाट कुठं दुहेरी नाही, प्रत्येक गावी चावडीसमोर नऊ ते अकरा. सोमवारी सुट्टी, कारण रुद्रय्या लिंगायत, सोमवारी तो बैलांना जू लावत नसे. गाडी कळंब्याच्या तळ्यावरनं घंटा वाजवत निघाली, खडकेवाडीच्या चावडीपुढं थांबली, आणि समोर कोण? एक कोंबडी, एक झोपलेलं म्हातारं आणि त्या म्हाताऱ्याचं कुत्रं. सगळं गाव भांगलणीला शेतात. सहाही गावांत तीच तऱ्हा. वाचक मिळाले ते मुंग्या. गाडीतला गुळाचा वास काही केल्या जाईना, आणि पहिल्याच आठवड्यात मुंग्यांनी संतचरित्रांचं कपाट सर केलं. चार लहान पोरं जमायची, ती पुस्तकांच्या पाठी चाटून बघायची. चव बघून पुस्तक निवडणारे वाचक मास्तरांनी जन्मात पाहिले नव्हते.

मास्तर खचले. तेवढ्यात एके सकाळी दूधवाला आकाराम दूध घालता घालता म्हणाला, "उद्या आमच्यात मोडा हाय, मास्तर. सगळं गाव दिवसभर नुस्तं लोळणार बघा."

मास्तर ताडकन उठले. मोडा! आठवड्यातला देवाचा वार. त्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवायचं नाही, रानात औत घालायचं नाही, सगळे गडी गावात. आणि प्रत्येक गावाचा मोडा वेगळ्या वारी! मग ज्या वारी ज्याचा मोडा, त्या वारी तिथं गाडी न्यायची. इतकं सोपं! मास्तरांनी आकारामचा हात धरून त्याला दोनदा धन्यवाद दिले आणि दुधाचं भांडं लवंडलं.

नवा तक्ता झाला. एकच अडचण होती, दोन गावांचा मोडा शुक्रवारीच यायचा. तर मास्तर त्यातल्या एका गावी जाऊन म्हणाले, तुमचा मोडा शनिवारी घ्या ना, फार सोयीचं होईल. गावानं त्यांना चहा पाजला, वर पान दिलं, आणि शिवेपर्यंत पोचवायला माणूस दिला. मग त्या दोन गावांना शुक्रवार आलटूनपालटून द्यावा लागला.

पहिल्याच गुरुवारी गाडी खडकेवाडीच्या शिवेवर आली. समोरच्या दगडावर जोतीराम बसलेला. गावातला जाणता गडी, मोडा पाळतात की नाही हे बघायचं काम त्याच्याकडं. त्यानं हात आडवा केला.

"थांबा पावणं! कुठं निघालासा?"

"खडकेवाडीला. चावडीसमोर. नऊ ते अकरा," मास्तर म्हणाले.

"आज मोडा हाय."

"म्हणून तर आलो!"

"बैलं जुपून?"

मास्तरांनी पुढं बघितलं. हरण्या आणि पाखऱ्या, दोघंही कान हलवत उभे. माणसं मोकळी असतील हे मास्तरांनी धरलं होतं. गाडीपुढं बैल असतात हे धरायचं राहून गेलं होतं. शाळेत वर्ग सातवीतून आठवीत न्यायला बैल लागत नसत, त्याचा हा परिणाम. आणि रुद्रय्या? त्याचा वार सोमवार. तो पाळला की बाकीचे सहा वार त्याच्या लेखी सारखेच, त्यानंही चकार शब्द काढला नव्हता.

आता मात्र तो गाडीवरनं उतरला. "अय्यो शिवा! हे बैल सोमवारचे हायती. सोमवार पाळून आल्यात. त्यांना गुरुवार कसा लागतोय?"

"शिवंच्या आत पाय टाकला की बैल आमचा, वारबी आमचा," जोतीराम म्हणाला.

"मग माझ्या बैलानं आठवड्यात दोन दोन मोडं पाळायचं? बैल हाय का मामलेदार हाय?"

झालं! सगळं गाव मोकळंच होतं, ते शिवेवर येऊन बसलं. मोडा जनावराला लागतो की जमिनीला, यावर भांडण जुंपलं. बैलाऐवजी रेडा चालेल का, असं एकानं विचारलं. रेड्याचा मोडा वेगळा असतो का, असं दुसऱ्यानं. कुंभाराची गाढवं आणू का, म्हणून तिसरा उठला, तेव्हा मास्तर लालबुंद झाले. शेवटी जोतीरामच म्हणाला, "मास्तर, कशाला डोकं पिकवतासा? हितंच वाटा की पुस्तकं. आमी हाईच."

खरं तर प्रश्न तिथंच मिटला होता. पण मास्तरांनी कागद काढला, बघितला आणि मान हलवली. "तक्त्यात शीव नाही. तक्त्यात चावडी आहे."

असे दोन तास गेले. अकरा वाजता मास्तरांनी घंटा वाजवली, वेळ संपल्याचं जाहीर केलं आणि गाडी वळवली. मागनं लोक ओरडले, "फुडल्या गुरवारी येणार न्हवं?" मोड्याच्या दिवशी इतकी करमणूक कित्येक वर्षांत झाली नव्हती. पुढच्या गुरुवारी शेजारच्या गावचे लोकही भांडण ऐकायला आले. त्याच्या पुढच्या गुरुवारी एक बाई तिथं भाजक्या शेंगा घेऊन बसली. बाकीच्या पाच गावांच्या शिवांवरही हाच थाट. वाचनालय सगळीकडं गाजलं. पुस्तक मात्र एकही सुटलं नाही.

हे आप्पांच्या कानावर गेलं. ते म्हणाले, "दसऱ्याच्या आदल्या गुरुवारी मी स्वतः खडकेवाडीच्या चावडीवर येऊन बसतो. नऊ ते अकरा. गाडी तिथं आली, लोकांनी पुस्तकं घेतली, तर तुमची. नाही तर तिथनंच पेढीवर न्यायची."

त्या गुरुवारी सकाळी मास्तरांनी तक्ता तीनदा वाचला. सरोजिनीबाई म्हणाल्या, "आज तरी पुस्तकं शिवेवर वाटा. जळला मेला तो कागद."

"आप्पा चावडीवर बसणार आहेत गं. आणि वेळापत्रक म्हणजे वेळापत्रक."

"बैलांना वाचता येतं का ते?" सरोजिनीबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या डब्यात दोन दशम्या जास्त घातल्या.

शिवेवर जत्रा भरलेली. आप्पांची मोटार ओढ्याअलीकडं चिखलात उभी, आप्पा स्वतः धोतर सावरत चालत चावडीवर पोचलेले. मोटारीला मोडा लागतो का, याची चर्चा नुकतीच आटोपली होती. जोतीराम दगडावर. रुद्रय्या बैलांच्या मानेला हात लावून उभा. नऊ वाजायला आले होते. मास्तरांनी हात जोडले. "जोतीराम, आजचा एक दिवस. माझी गाडी जाईल हो." उभ्या आयुष्यात त्यांनी कुणापुढं असे हात जोडले नव्हते.

जोतीराम वरमला. पण वार तो वार. "माझ्या हातात काय हाय मास्तर? बैल आत येणार न्हाय. आन् आमी गड्यांनी वडावी म्हटलं, तर आमचा हात आज जुवाला लागायचा न्हाय."

तेवढ्यात पाणवठ्याकडनं बायकांचा घोळका आला. पुढं झुंबरबाई. डोक्यावर घागर, काखेत दुसरी, आणि आवाज असा की बोलली की ओढ्यापलीकडची जनावरं मान वर करायची. ती गर्दीत घुसली.

"व्हय रं जोतीराम, मोडा बैलास्नी हाय?"

"हाय."

"गड्यास्नी?"

"हाय की."

"आन् आमास्नी?"

जोतीराम हसला. "बायकास्नी कसला मोडा, मावशे?"

"व्हय, ते बी खरंच," झुंबरबाई म्हणाली. तिनं दोन्ही घागरी खाली ठेवल्या, पदर खोचला आणि रुद्रय्याला म्हणाली, "सोड रं बैलं."

कुणाला काही कळायच्या आत हरण्या-पाखऱ्या बाभळीला बांधले गेले आणि बायका जुवाला लागल्या. पाचसात जणी पुढं, बाकीच्या चाकांना. गड्यांनी विचार करून बघितला, पण बाईनं जू धरू नये असं कुणी कधी सांगितलेलं नव्हतं. सांगायची वेळच आली नव्हती. मग गडी काय करणार? ते दोन्ही बाजूंनी चालत सूचना करायला लागले. "डावीकडनं घ्या! चाक खचंल! जरा जोर लावा की!" रुद्रय्या सवयीनं जिभेनं 'चक् चक्' करायला गेला. झुंबरबाईनं मागं वळून असं बघितलं की तो गाडीच्या मागं जाऊन चालायला लागला.

चावडी आली. आप्पा कट्ट्यावर, हातात खिशातलं घड्याळ. बायकांनी डोक्यावरचे पदर पुढं ओढले, माना खाली घातल्या, आणि गाडी चावडीवरनं तशीच पुढं निघाली.

"अहो! अहो, इथंच!" मास्तर मागनं धावले. "चावडी! नऊ ते अकरा!"

झुंबरबाई थांबली. "चावडीफुडं आमी कवा हुबं ऱ्हातोय व्हय मास्तर? ठेवायची आसंल तर ठिवतो. आमी जातो पान्याला. पुस्तकं गड्यांची." मग जरा आवाज उतरवून म्हणाली, "आमाला वाचाय येत न्हाय. पर ऐकाय येतंय की. पाणवठ्यावर चला, आमचं भांडं घासून हुस्तवर वाचून दावा."

जोतीराम आणि गडी पुढं सरकले. "हितंच ऱ्हाऊ द्या मास्तर, आता आमी घेतो पुस्तकं. सावकार बसल्यात, बघत्याल." आणि आप्पा बघत होतेच. नुसतं 'थांबा' म्हटलं की गाडी मिळत होती. चौकटीत चौकट बसत होती. मास्तरांनी तोंड उघडलं. समोर एक पोरगेली सून जुवाखालचा खांदा चोळत उभी होती. जूनं लाल केलेला तो खांदा बघून त्यांना काय आठवावं? आपलंच वाक्य. बसत नाही गं कुठं. मास्तरांना लाज वाटली, अगदी कानशिलं तापेपर्यंत लाज वाटली.

"चला," ते म्हणाले. "पाणवठ्यावर चला."

आप्पांनी घड्याळ मिटलं.

पाणवठ्यावर मास्तर उलट्या घागरीवर बसले आणि वाचायला लागले. गोष्ट एका राजाची होती. राजा वनात वाट चुकला तशी झुंबरबाई मध्येच म्हणाली, "राणी कुठं हाय ह्याची?" राणी पुढच्या पानावर नव्हती. त्याच्या पुढच्याही नव्हती. बायकांनी राजाला बाजूला ठेवलं आणि राणी त्या वेळी काय करत असेल ते आपसांत ठरवायला घेतलं, मास्तरांनाही त्यात मत विचारलं. राखेचे हात धुऊन एकेक जण चित्रं बघायला पुस्तक उचलू लागली. गडीही आले, लांब उभे राहिले, मग त्यांनीही घेतली. कपाट अर्धं रिकामं झालं, मुंग्या सैरावैरा झाल्या.

अकराच्या सुमाराला आप्पा चिखल तुडवत आले. बराच वेळ उभे राहिले, राणीबद्दलचं सगळं ऐकलं, मग म्हणाले, "मास्तर, तक्त्यात हे ठिकाण कुठं आहे?"

मास्तरांनी कागद गुडघ्यावर घेतला. पेन्सिल काढली. 'चावडी' या शब्दावर रेघ मारली आणि वर लिहिलं, 'पाणवठा'. केलेल्या वेळापत्रकात त्यांनी आजवर अशी खाडाखोड केली नव्हती.

आप्पांनी व्यापाऱ्यासारखा हिशोबी विचार केला. "दसऱ्यानंतर मला बैल पाहिजेत, रुद्रय्या पाहिजे," ते म्हणाले. "गाडी दुसरी बघतो. ही राहू द्या तुम्हाला. हिला बैल लागत नाहीत, हे मी डोळ्यांनी बघितलं."

आता बोला! गाडी मिळाली आणि बैल गेले. मास्तरांना हसावं की रडावं कळेना. खडकेवाडीतनं पुढच्या वाघजाईवाडीला गाडी जायची कशी? झुंबरबाईनंच तोड काढली. "वाघजाईवाडी म्हंजे माझं म्हायार. आमी न्हेतो की." आणि नेली. तिथं जेवून, दोन दिवस राहून, भाच्याचं नाक पुसून बायका परत आल्या. पुढच्या गावी न्यायची वेळ आली तेव्हा वाघजाईवाडीच्या सुनांनी सांगितलं, त्या गावी आमच्यातली कुणीच दिलेली न्हाय आन् तिथली कुणी केलेलीबी न्हाय, तिकडं आमी वडणार न्हाय. आमची म्हायारं ह्या अंगाला हायती.

मास्तरांनी सगळा तक्ता फाडला. गावोगावच्या पाणवठ्यावर बसून, कुठली सून कुठल्या गावची हे विचारत सुटले आणि त्यावर नवा मार्ग आखला. नकाशात जवळचं गाव लांब गेलं, लांबचं जवळ आलं. वाट वेडीवाकडी, पाहणाऱ्याला वाटावं आखणाऱ्यानं भांग घेतलीय. पण गाडी कुठं अडली नाही. सासूनं नाही म्हटलं की सून सांगायची, "सरकारी वाचनालयाचं काम हाय, आत्याबाई." वाचनालय सरकारी नव्हतं, पण कुणी विचारत नव्हतं.

मार्गशीर्षात एका दुपारी तो नवा तक्ता मास्तरांनी चुलीवरच्या भिंतीवर, घरच्या तक्त्याशेजारी लावला आणि मागं सरून कौतुकानं बघत राहिले. सरोजिनीबाई भाकरी थापायच्या थांबल्या. पिठाच्या हातानंच जवळ आल्या, आणि गावांमागून गावं बोटानं शोधत गेल्या.

"इतक्या जणींची माहेरं बसवलीत," त्या म्हणाल्या.

मास्तरांनी पेन्सिल घेतली आणि घरच्या तक्त्यावर, सोमवारच्या पिठल्यापासून शनिवारच्या कठड्यापर्यंत, एक लांबच लांब रेघ ओढली. त्या रेघेवर लिहिलं, 'चंदगड'.

"तिथवर गाडी कोण ओढणार? मी?" सरोजिनीबाई म्हणाल्या. हसायला गेल्या आणि त्यांचे डोळे भरून आले.

"एसटीनं जाऊ. उद्या सकाळी."

"आणि परत कधी?"

मास्तरांनी पेन्सिल त्या रेघेच्या टोकाशी टेकवली. मग काही न लिहिताच ती खिशात टाकली.